कलत्या तीनचाकी स्कूटरमधील विद्युत बिघाड: तपासणीचा योग्य क्रम

पुढे दोन चाके असलेली आणि वळणावर दुचाकीप्रमाणे कलणारी स्कूटर अचानक सुरू होईनाशी झाली, चालता चालता बंद पडली किंवा डॅशबोर्डवर टिल्ट लॉकचा, म्हणजे उभी गाडी कलू नये म्हणून तिला रोखून धरणाऱ्या यंत्रणेचा, दिवा पेटून राहिला, की बहुतेक जण एक तर थेट नवी बॅटरी बसवतात, नाहीतर कंट्रोल युनिटच गेले असे ठरवून मोकळे होतात. दोन्हींत पैसे जातात आणि बिघाड जागच्या जागी राहतो. विद्युत व्यवस्थेच्या दृष्टीने हे वाहन म्हणजे १२ व्होल्टची साधी स्कूटरच आहे, फरक दोनच. एक म्हणजे पुढच्या भागातील वायरिंग हँडलबरोबर वळते आणि शिवाय गाडीच्या कलण्याबरोबर वाकते. दुसरा म्हणजे, टिल्ट लॉक असलेल्या मॉडेलांत त्या लॉकचे कंट्रोल युनिट व्होल्टेजची घसरण खपवून घेत नाही. म्हणून आधी बॅटरी, मग जोड व अर्थिंग (बॅटरीच्या ऋण टोकाचा चेसिस व इंजिनाशी असलेला जोड), मग फ्यूज, सुरक्षा-स्विच व वाकणारे वायरिंग आणि त्यानंतरच टिल्ट लॉक, हा क्रम मोडू नये.

१. हत्यारे काढण्यापूर्वी लक्षणे लिहून काढावीत

किल्ली फिरवल्यावर कोणते दिवे लागतात, कोणते काही सेकंदांनी विझतात आणि कोणते पेटून राहतात, हे कागदावर लिहावे. स्टार्टरचे बटण दाबल्यावर येणाऱ्या आवाजावरून निम्मी दिशा ठरते. पटापट ‘टकटक’ असा आवाज आला तर बॅटरी अशक्त आहे किंवा जाड वायरीचा जोड सैल आहे. एकच ठसठशीत ‘टक’ आला आणि मोटर फिरली नाही तर स्टार्टर रिलेचे (छोट्या प्रवाहाने मोठा प्रवाह चालू करणाऱ्या स्विचचे) आतले संपर्क, जाड वायर किंवा खुद्द स्टार्टर मोटर यांवर संशय घ्यावा. काहीच आवाज आला नाही तर बिघाड जाड वायरीत नसून बहुधा सुरक्षा-स्विचांच्या (साइड स्टँड, ब्रेक वगैरेंच्या) बारीक वायरिंगमध्ये असतो. बिघाड केवळ वळणावर, खड्ड्यात किंवा पावसानंतर दिसत असेल तर तेही नोंदवावे. पायरी ६ साठी ती नोंद मोलाची ठरते.

सावधान: गाडीत त्रुटी-संकेत (कंट्रोल युनिटने नोंदवून ठेवलेल्या बिघाडाच्या खुणा) वाचण्याची सोय असेल तर बॅटरी सोडण्याआधी ते वाचून लिहून घ्यावेत. संकेत पुसून टाकणे म्हणजे दुरुस्ती नव्हे, आणि एकदा पुसले की मूळ धागा हातचा जातो.

२. तयारी

लागणारे साहित्य फार नाही: डिजिटल मल्टिमीटर, १२ व्होल्टचा टेस्ट लॅम्प, दोन वायरी जोडलेला २१ वॉटचा साधा इंडिकेटर बल्ब, बारीक पॉलिश पेपर, कॉन्टॅक्ट क्लीनर आणि आपल्याच मॉडेलचा वायरिंग नकाशा. नकाशाशिवाय वायरीच्या रंगावरून अंदाज बांधू नये. एकाच कंपनीच्या दोन वर्षांच्या गाड्यांतही रंग बदललेले असू शकतात.

गाडी सपाट जागेवर मधल्या स्टँडवर घ्यावी आणि मागचे चाक जमिनीपासून मोकळे आहे याची खात्री करावी. टिल्ट लॉक लागलेले आहे म्हणून गाडी उभी राहील, या भरवशावर कधीही काम करू नये. पियाजिओ एमपी३ सारख्या गाडीत ॲक्सिलरेटर पिळून इंजिनाचे फेरे वाढवले की लॉक आपोआप सुटते, आणि तपासणीत ॲक्सिलरेटर पिळावा लागतोच. पुढच्या चाकांमधील समांतर आडवे दांडे गाडी कलताना कात्रीसारखे फिरतात. किल्ली चालू असताना त्यांच्यामध्ये बोटे घालू नयेत.

बॅटरी सोडताना ऋण टोक आधी आणि जोडताना ऋण टोक शेवटी. धन टोक आधी सोडायला गेल्यास पाना चेसिसला टेकण्याचा अवकाश की थेट शॉर्ट होतो.

३. बॅटरीची परीक्षा लोड देऊनच करावी

बॅटरी चार्ज केल्यानंतर काही तास तशीच ठेवावी आणि मग व्होल्टेज मोजावे. शिसे-आम्ल बॅटरी पूर्ण भरलेली असेल तर १२.६ ते १२.८ व्होल्ट दिसतात, १२.४ म्हणजे साधारण तीन चतुर्थांश, आणि १२.० च्या आसपास ती जवळजवळ रिकामी समजावी. लिथियम बॅटरीला हे आकडे लावू नयेत. तिचे विश्रांतीचे व्होल्टेज १३ च्या वरच असते, त्यामुळे १२.८ पाहून ‘पूर्ण भरली आहे’ असे म्हणणे तिच्या बाबतीत चूक आहे.

वाचकांचा गोंधळ सर्वाधिक होतो तो याच्या पुढे. नुसते १२.६ दिसले म्हणजे बॅटरी चांगली असे नाही. मीटर जवळजवळ काहीच प्रवाह ओढत नाही, स्टार्टर मात्र भरपूर ओढतो. म्हणून मीटरची टोके बॅटरीवर ठेवून दोन-तीन सेकंद सेल्फ मारावा. आकडा १० च्या आसपास किंवा वर राहिला तर बॅटरी मान्य करावी, तो ९.५ च्या खाली कोसळत असेल तर बॅटरी पूर्ण चार्ज करून परत मोजावे, आणि तरीही कोसळला तरच ती बदलावी. चार्जरचा प्रवाह क्षमतेच्या सुमारे एक दशांश असावा. १२ ॲम्पिअर-तासांच्या बॅटरीला १.२ ॲम्पिअर पुरेसे आहेत.

पडताळा: ही पायरी उत्तीर्ण झाल्याशिवाय पुढचे एकही मोजमाप विश्वासार्ह नाही. स्वयंचलित गिअरची ही स्कूटर धक्का देऊन सुरू होत नाही, त्यामुळे बॅटरीला वळसा घालून जाण्याचा मार्गही नाही.

४. जोड आणि अर्थिंग: येथे घाई नको

टर्मिनलचे स्क्रू घट्ट दिसतात, वायर शाबूत दिसते, आणि तरीही आतल्या पांढरट किंवा हिरवट गंजामुळे व्होल्टेज वाटेतच गळते. डोळ्यांना हे दिसत नाही आणि ओहममध्ये मोजूनही कळत नाही, कारण शंभर तारांपैकी एक तार शाबूत असली तरी मीटर ‘जोड आहे’ असेच सांगतो. त्यासाठी व्होल्टेज-घट मोजावी लागते, म्हणजे प्रवाह वाहत असताना वायरीच्या दोन टोकांमधील फरक मोजायचा. चांगल्या वायरीत तो जवळजवळ शून्य असतो.

मीटर २० व्होल्टच्या डीसी पट्टीवर ठेवून पुढील तीन मोजमापे सेल्फ मारत असतानाच घ्यावीत.

पहिले: काळे टोक बॅटरीच्या ऋण खांबावर, लाल टोक इंजिनाच्या उघड्या धातूवर. ०.२ ते ०.३ व्होल्टपेक्षा जास्त दिसल्यास अर्थिंग खराब आहे.

दुसरे: लाल टोक बॅटरीच्या धन खांबावर, काळे स्टार्टर मोटरच्या टर्मिनलवर. ०.५ पर्यंत चालेल.

तिसरे: स्टार्टर रिलेच्या दोन जाड बोल्टांवर एकेक टोक. येथे ०.२ पेक्षा जास्त घट म्हणजे रिलेचे संपर्क जळालेले आहेत.

मीटरचे टोक वायरीच्या लगवर (टोकाला बसवलेल्या धातूच्या कडीवर) नव्हे तर बॅटरीच्या खांबावरच टेकवावे. लगवर टेकवले तर लग आणि खांब यांच्यातला खराब जोड मोजमापातून नेमका निसटतो.

हीच पद्धत कोणत्याही उपकरणाला लागू पडते. समजा, टिल्ट लॉकची मोटर दमल्यासारखी फिरते आहे. ती चालू असताना बॅटरीवर १२.३ व्होल्ट आणि मोटरच्या कनेक्टरवर १०.६ दिसले, तर १.७ व्होल्ट वाटेत हरवत आहेत. आता धन बाजूची घट मोजली, ती ०.२ निघाली, ऋण बाजूची मोजली, ती १.५. मोटर निर्दोष ठरली. चूक अर्थिंगच्या बोल्टपाशी आहे आणि तेथे लगखाली रंगाचा थर किंवा गंज सापडेल. बोल्ट काढून, लग आणि चेसिस दोन्ही चकचकीत होईपर्यंत घासून, बोल्ट घट्ट आवळून वरून ग्रीस लावले की घट उतरायला हवी. ग्रीस जोड आवळल्यानंतर वरून लावावे. संपर्काच्या पृष्ठभागांमध्ये त्याचा थर नको.

५. फ्यूज, रिले आणि सुरक्षा-स्विच

फ्यूज काढून उजेडात पाहणे पुरेसे नाही. किल्ली चालू ठेवून फ्यूजच्या माथ्यावरील दोन्ही उघड्या ठिपक्यांवर टेस्ट लॅम्प टेकवावा. दोन्हीकडे दिवा लागला तर फ्यूज ठीक, एकीकडेच लागला तर फ्यूज उडालेला, आणि एकीकडेही लागला नाही तर फ्यूजपर्यंत वीजच पोहोचत नाही. ही तिसरी शक्यता लोक विसरतात आणि चांगला फ्यूज बदलत बसतात.

नवा फ्यूज तेवढ्याच ॲम्पिअरचा हवा. पाती फ्यूजांत ७.५ तपकिरी, १० लाल, १५ निळा, २० पिवळा आणि ३० हिरवा असे रंग ठरलेले आहेत. १० च्या जागी २० बसवल्यास फ्यूज वाचतो आणि वायर जळते.

फ्यूज परत परत उडत असेल तर फ्यूजांची रास खर्च करू नये. फ्यूजच्या जागी २१ वॉटचा बल्ब जोडावा. शॉर्ट असेल तर बल्ब झगझगीत पेटतो आणि प्रवाह पावणेदोन ॲम्पिअरच्या पुढे जात नाही, त्यामुळे काही जळत नाही. मग त्या सर्किटवरील कनेक्टर एकेक करून सोडावेत. ज्याच्या सोडण्याने बल्ब विझतो किंवा मंदावतो, बिघाड त्याच्या पलीकडे आहे.

रिलेची पारख सोपी आहे: त्याच क्रमांकाचा दुसरा रिले गाडीत असेल तर दोघांची अदलाबदल करून पाहावी. मात्र ‘टक’ असा आवाज आला म्हणजे रिले चांगला, हा समज सोडून द्यावा. आवाज कॉइलचा असतो, प्रवाह संपर्कांतून जातो.

सेल्फ अजिबात बोलत नसेल तर किल स्विच, साइड स्टँडचा स्विच आणि ब्रेक लिव्हरचे स्विच पाहावेत. ब्रेक दाबल्यावर मागचा ब्रेकचा दिवा लागतो का, ही त्या स्विचची फुकटची परीक्षा आहे. दोन्ही लिव्हर वेगवेगळे दाबून पाहावेत. काही मॉडेलांत सीटखालीही चालक बसल्याची खूण देणारा स्विच असतो आणि इमोबिलायझरचा (किल्ली ओळखणाऱ्या चोरीरोधक यंत्रणेचा) दिवा नेहमीपेक्षा वेगळा लुकलुकत असेल तर दुसरी किल्ली वापरून पाहावी. सुरक्षा-स्विच कायमचा जोडून टाकण्याचा सल्ला अनेक ठिकाणी मिळतो. तपासणीपुरते ते ठीक आहे, पण साइड स्टँड खाली असताना धावू शकणारी गाडी रस्त्यावर न्यायची नसते.

६. वाकणाऱ्या वायरिंगची तपासणी

साध्या स्कूटरमध्ये स्टिअरिंगच्या मानेजवळची वायरिंग फक्त हँडलबरोबर पिळली जाते. येथे ती हँडलबरोबर डावी-उजवी होते आणि कलण्यामुळे वर-खालीही ओढली जाते. पुढच्या दोन्ही चाकांवरील वेग-सेन्सरच्या वायरी तर कलणाऱ्या दांड्यांच्या कडेने जातात आणि दोन चाकांचे पाणी-चिखल त्यांच्यावर सतत उडत असतो. वायरीचे आवरण लवचीक असते, तांबे मात्र वाकवून वाकवून आतल्या आत तुटते. त्यामुळे बाहेरून धडधाकट दिसणारी वायर आतून दोन-चार तारांवर तग धरून असते.

या पायरीला एक मदतनीस लागतो. पुढील आवरणे काढावीत आणि वायरिंगचे चिमटे आत्ता कोठे आहेत याची छायाचित्रे घ्यावीत. संशयित वायरीच्या दोन टोकांना मल्टिमीटर लावावा, किंवा त्याहून बरे म्हणजे २१ वॉटचा बल्ब त्या वायरीतून पेटवावा. आता मदतनिसाने गाडी स्टँडवरून उतरवून, लॉक सोडून, दोन्ही हातांनी भक्कम धरावी आणि पुढील क्रमाने हलवावी:

१. गाडी सरळ, हँडल पूर्ण डावीकडे, मग पूर्ण उजवीकडे.
२. हँडल सरळ, गाडी सावकाश डावीकडे कलवावी, मग उजवीकडे.
३. गाडी डावीकडे कललेली असताना हँडल दोन्ही टोकांना. मग गाडी उजवीकडे कलवून तसेच.

तिसरी हालचाल बहुतेक जण करतच नाहीत, आणि नेमक्या त्याच स्थितीत वायर सर्वाधिक ताणली जाते. बल्ब लुकलुकला की गाडी तेथेच थांबवावी आणि वायर बोटांमध्ये धरून इंच इंच पुढे सरकत हलके ओढून पाहावी. तांबे तुटलेल्या जागी आवरण रबरासारखे ताणते आणि वायर मऊ लागते. शाबूत वायर ताणत नाही. फ्यूज उडण्याची तक्रार असेल तर फ्यूजच्या जागी बल्ब ठेवून हीच हालचाल करावी: एका बाजूला कलताच बल्ब झगझगला, तर त्या बाजूला आवरण घासून वायर धातूला टेकते आहे.

तुटलेली जागा जोडताना जोड वाकणाऱ्या भागात येऊ देऊ नये. तेथे लावलेला सोल्डरचा डाग कडक असतो आणि त्याच्या कडेला वायर थोड्याच काळात पुन्हा तुटते. तो पट्टाच काढून, दोन्ही बाजूंच्या स्थिर भागांपर्यंत नवी बहुतारी लवचीक वायर टाकावी आणि मूळ चिमट्यांतून तितकाच ढिलेपणा ठेवून न्यावी. ‘वायर लोंबते’ म्हणून केबल टायने आवळून टाकणे हा नीटनेटकेपणा वाटतो खरा, पण नवा बिघाड त्यातूनच जन्माला येतो.

सावधान: वायरीच्या आवरणाला सुई टोचून मोजू नये. त्या छिद्रातून पाणी शिरते आणि तांबे आतून काळे पडते. टोक कनेक्टरच्या मागच्या बाजूने सरकवावे. कनेक्टर उघडल्यावर एखादी पिन मागे सरकलेली नाही ना, हेही पाहावे. बाहेरून बसलेला कनेक्टर आत रिकामा असू शकतो.

७. टिल्ट लॉक

पियाजिओ एमपी३ आणि प्यूजो मेट्रोपोलिस यांत कल रोखणारे लॉक आहे, यामाहा ट्रायसिटी ३०० मध्ये उभे राहण्यास साहाय्य करणारी यंत्रणा आहे. ट्रायसिटी १२५ मध्ये तसे काही नाही, तिच्या मालकांनी ही पायरी ओलांडावी.

लॉक लागत नाही याचा अर्थ ते बिघडले असा नव्हे. गाडीचा वेग ठरलेल्या मर्यादेखाली असणे आणि ॲक्सिलरेटर बंद असणे या अटी पुऱ्या झाल्याशिवाय कंट्रोल युनिट हुकूम मानत नाही. म्हणजेच वेग-सेन्सरची वायर तुटली तरी दोष लॉकवर येतो. एबीएसचा दिवाही सोबत पेटला असेल तर लॉकला हात न लावता आधी चाकांचे सेन्सर, त्यांच्या टोकावर साचलेली धातूची धूळ आणि पायरी ६ मधील वायरी पाहाव्यात.

त्यानंतर क्रमाने जावे. किल्ली चालू केल्यावर लॉकचा दिवा क्षणभर लागून प्रतिसाद देतो का? लॉकचा फ्यूज दोन्ही ठिपक्यांवर जिवंत आहे का? हँडलवरील बटण दाबल्यावर त्याच्या कनेक्टरवर बदल दिसतो का? मोटरचा आवाज येतो का? आवाज येत नसेल तर बटण दाबलेल्या क्षणी मोटरच्या कनेक्टरवर व्होल्टेज मोजावे. व्होल्टेज पोहोचते आणि मोटर गप्प राहते, तर मोटर दोषी. पोहोचतच नसेल तर मागे रिले व कंट्रोल युनिटकडे जावे. हायड्रॉलिक लॉकमध्ये मोटरचा आवाज नीट येतो, दिवाही बरोबर लागतो आणि तरी गाडी कलतेच, तर तो विद्युत बिघाड नाही. तेथे द्रव, गळती आणि पकड तपासण्याचे काम जाणकार कारागिराकडे द्यावे.

सावधान: लॉकच्या मोटरला बॅटरीवरून थेट वायर देऊन ‘चालते का’ ते पाहू नये. कंट्रोल युनिट तिला योग्य जागी थांबवते. थेट वीज दिल्यास ती थांब्यावर आदळते. अर्धवट अडकलेल्या लॉकनिशी गाडी चालवणे तर निव्वळ धोका आहे, कारण वळणावर ती कलायलाच नकार देईल.

८. चार्जिंग आणि गुपचूप होणारी गळती

गाडी पुन्हा मधल्या स्टँडवर घ्यावी, मागे कोणी उभे नसावे. इंजिन मंद चालत असताना आणि मग मिनिटाला ५,००० फेऱ्यांच्या आसपास बॅटरीवर व्होल्टेज मोजावे. वाढवलेल्या फेऱ्यांवर १३.५ ते १४.८ अपेक्षित आहेत. १३ च्या वर जात नसेल तर चार्जिंग होत नाही, १५ ओलांडत असेल तर रेग्युलेटर (चार्जिंगचे व्होल्टेज मर्यादेत ठेवणारा भाग) गेला आहे. चार्जिंग होत नसल्यास स्टेटरचा (इंजिनावर वीज निर्माण करणाऱ्या कॉइलींचा) तीन वायरींचा कनेक्टर उघडून आधी तो वितळलेला नाही ना ते पाहावे, मग एसी पट्टीवर तिन्ही जोड्यांमधील व्होल्टेज मोजावे. आकडा किती यापेक्षा तिन्ही सारखे आहेत का, हे महत्त्वाचे. इंजिन बंद करून त्या तिन्ही वायरींचा चेसिसशी संपर्क नसल्याचीही खात्री करावी.

या चाचणीत मागचे चाक फिरते आणि पुढची दोन स्थिर असतात, त्यामुळे एबीएस किंवा ट्रॅक्शन कंट्रोलचा दिवा लागू शकतो. तो बिघाड समजू नये. थोडे अंतर चालवल्यावर तो विझायला हवा.

सावधान: चालू इंजिनावर बॅटरीची वायर काढून ‘आल्टरनेटर चालतो का’ हे पाहण्याची जुनी सवय या गाडीत कंट्रोल युनिटे जाळू शकते.

सारे ठीक असूनही उभ्या गाडीची बॅटरी उतरत असेल तर किल्ली बंद ठेवून, ऋण खांब आणि त्याची वायर यांच्यामध्ये मीटर १० ॲम्पिअरच्या खाचेत जोडून प्रवाह मोजावा. युनिटे निद्रिस्त होण्यासाठी काही मिनिटे थांबावे. मोजके मिलीॲम्पिअर घड्याळ व इमोबिलायझरसाठी असतात. ५० मिलीॲम्पिअर म्हणजे दिवसाला १.२ ॲम्पिअर-तास, १२ ॲम्पिअर-तासांची बॅटरी दहा दिवसांत रिकामी. मागाहून बसवलेले यूएसबी चार्जर आणि ट्रॅकर आधी सोडून पाहावेत. मीटर असा जोडलेला असताना सेल्फ मारू नये, आणि काम झाल्यावर लाल पिन व्होल्टच्या खाचेत परत लावावी. ॲम्पिअरच्या खाचेत राहिलेल्या पिनने पुढच्या वेळी व्होल्टेज मोजायला गेल्यास मीटर स्वतःच शॉर्ट होतो.

९. जुळवणी आणि चाचणी

आवरणे बसवण्याआधी पायरी ६ मधील तिन्ही हालचाली पुन्हा कराव्यात आणि वायरिंग कोठे चिमटत नाही हे डोळ्यांनी पाहावे. आवरणे बसवल्यानंतर परत एकदा, कारण स्क्रूखाली अडकलेली वायर ही मेहनतीने कमावलेला नवा बिघाड असतो. बॅटरी सोडली होती म्हणून काही मॉडेलांत ॲक्सिलरेटर किंवा कल-सेन्सरची शून्यस्थिती पुन्हा शिकवावी लागते. ती कृती मॅन्युअलप्रमाणे करावी.

पहिली फेरी मोकळ्या जागेत संथ गतीने घ्यावी आणि लॉक लावणे-सोडणे किमान चार-पाच वेळा करून पाहावे, तेही इंजिन तापलेले असताना, कारण गरम झालेला जोड थंड जोडापेक्षा जास्त व्होल्टेज खातो. परतल्यावर पायरी ४ मधील पहिले मोजमाप पुन्हा घेऊन आकडा जुन्या नोंदीशेजारी लिहावा.